महाविद्यालयांतील दुसरी फळी : अहिल्यानगर जिल्ह्यातील नेतृत्वाची घडण

प्राचार्य आणि सामान्य अध्यापक यांच्या दरम्यान उभे राहून महाविद्यालय चालवणारी माणसे म्हणजे उच्च शिक्षणातील दुसरी फळी. उपप्राचार्य, विभागप्रमुख, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक, परीक्षा अधिकारी, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी, वसतिगृहाचा रेक्टर, ग्रंथपाल आणि कार्यालयीन अधीक्षक हे सारे या फळीत येतात. नेमणूक, बदली, पगार यांपैकी कशावरही त्यांचा अधिकार नसतो. प्रवेश, वेळापत्रक, परीक्षा, अहवाल आणि विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी मात्र त्यांच्याच हातून जातात. बहुतेकांनी आयुष्यभर एखादा विषय शिकवलेला असतो. माणसांकडून काम करून घेण्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते. ते कसे मिळते आणि कुठे अडते, हे अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, बारकाईने पाहता येते; कारण राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात महाविद्यालयांचे जवळजवळ सगळे प्रकार आहेत.

नगर शहरात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये अहमदनगर महाविद्यालय सुरू केले. हिंद सेवा मंडळाचे पेमराज सारडा महाविद्यालय 1962 चे, तर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे न्यू आर्ट्‌स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालय 1970 चे. तालुक्याच्या गावांत रयत शिक्षण संस्थेने श्रीरामपूरला 1960 मध्ये, कर्जतला 1964 मध्ये आणि कोपरगावला 1965 मध्ये महाविद्यालये उघडली. संगमनेरचे महाविद्यालय 1961 चे. प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखान्यामागोमाग शिक्षणसंस्था आली आणि 1971 मध्ये लोणीचे महाविद्यालय उभे राहिले. राहुरीला 1968 पासून कृषी विद्यापीठ आहे. या जन्मकथांचा दुसऱ्या फळीशी थेट संबंध आहे. मिशनच्या परंपरेतून आलेल्या महाविद्यालयात विभागप्रमुखाला एक प्रकारची मोकळीक मिळते; सहकारातून आलेल्या संस्थेत अध्यक्ष आणि विश्वस्त गावातच असतात, त्यामुळे विभागप्रमुखाचा निर्णय संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर गेलेला असतो; रयतेसारख्या मोठ्या संस्थेत प्रश्न साताऱ्याला मध्यवर्ती कार्यालयात जातो. उपप्राचार्याला विद्यापीठाचे नियम पाठ असून भागत नाही. आपली संस्था निर्णय कुठे आणि कसा घेते, हे त्याला आधी शिकावे लागते.

या पदावर माणूस येतो तो बहुधा सेवाज्येष्ठतेने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार प्राचार्यपदासाठी किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो आणि कार्यकाळ पाच वर्षांचा असतो; उपप्राचार्य मात्र प्राचार्यांच्या शिफारशीवरून सध्याच्याच ज्येष्ठ अध्यापकांतून दोन वर्षांसाठी नेमला जातो. प्राचार्य नसतील तेव्हा त्यांचे अधिकार तो वापरतो, असेही हा नियम सांगतो. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. दोन वर्षे पदाची ओळख व्हायला पुरतात आणि माणसाला परत अध्यापनात जायला मोकळेही ठेवतात. प्रत्यक्षात आदेशाच्या पत्रात तारीख, नाव आणि पद एवढेच असते. कोणती कामे, किती रकमेपर्यंत सही, कोणत्या बैठकीला उपस्थिती, यांपैकी काहीच लिहिलेले नसते. पहिले काही महिने मग प्राचार्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज घेण्यात जातात.

पहिली खरी परीक्षा वेळापत्रकाची असते. बाहेरून ते कारकुनी काम वाटते, पण महाविद्यालयातल्या सगळ्या ओढाताणी त्यात एकत्र येतात. प्रयोगशाळा एक आणि बॅच तीन. तासिका तत्त्वावरचे अध्यापक दोन-दोन महाविद्यालयांत शिकवणारे. कोणाला सकाळचा पहिला तास नको, तर कोणाला शनिवार मोकळा हवा. शिवाय ग्रामीण महाविद्यालयाचे वेळापत्रक शेवटी एसटीच्या हाती असते. पाथर्डी, जामखेड किंवा पारनेर तालुक्यातल्या वाडीवरून येणाऱ्या मुलीची सकाळची गाडी ठरलेली आणि परतीचीही ठरलेली. दुपारची गाडी चुकली तर पुढची अंधार पडताना. आणि तसे दोन-तीनदा झाले की घरचे मुलीचे महाविद्यालयच बंद करतात. प्रात्यक्षिक चार वाजता लावले तर कागदावर काही चुकत नाही, हजेरीपत्रकावर मात्र दिसते. हे ओळखणारा उपप्राचार्य विभागांच्या सोयीआधी गाड्यांच्या वेळा मागवतो, आगारप्रमुखाला पत्र लिहितो, गरज पडल्यास जाऊन भेटतो. महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरच्या कार्यालयाशी बोलणे हा या पदाचा मोठा भाग आहे आणि तो असाच, एका गाडीच्या वेळेपासून सुरू होतो.

हजेरीचा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत परत येत नाहीत. काही विद्यार्थी आईवडिलांबरोबर जातात, तर काही घर आणि धाकटी भावंडे सांभाळायला मागे राहतात आणि तेही वर्गात येईनासे होतात. नियमाला उपस्थिती हवी असते. इथे विभागप्रमुखापुढे दोन सोपे मार्ग असतात : यादी लावून मुलांना परीक्षेला बसू न देणे, किंवा डोळे झाकून सर्वांची हजेरी भरणे. जबाबदार विभागप्रमुख तिसरा, कष्टाचा मार्ग धरतो. हंगामाआधी अशा मुलांची यादी करायची, अंतर्गत मूल्यमापनाची कामे आधी किंवा उशिरा घ्यायची, टिपणे फोनवर पाठवायची आणि परतल्यावर जादा तास लावायचे. त्यासाठी चार सहकाऱ्यांना जास्तीचे काम करायला राजी करावे लागते आणि त्या कामाचा मोबदला देण्याची सोय त्याच्याकडे नसते. नेतृत्वाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हा प्रसंग घ्यावा इतका तो बोलका आहे. अकोले तालुक्यात राजूर-भंडारदऱ्याकडून येणाऱ्या आदिवासी मुलांच्या बाबतीत वसतिगृहाचा प्रवेश आणि शिष्यवृत्तीचा अर्ज हे प्रश्न असतात. तिथे ज्या अधीक्षकाला शिष्यवृत्तीचे पोर्टल नीट कळते तोच खरा मधला नेता ठरतो, मग तो अध्यापक नसला तरी.

पैशाच्या बाबतीत दुसरी फळी सर्वांत अननुभवी असते. प्रयोगशाळेसाठी रसायने घ्यायची म्हटली तरी मागणीपत्र, तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, पुरवठा आदेश, साठा नोंद आणि बिल एवढा प्रवास असतो. रसायनशास्त्राच्या प्रमुखाला प्रयोग माहीत असतो. साठा नोंदवहीतली एक चुकलेली नोंद लेखापरीक्षणात किती महागात पडते, हे त्याला आक्षेप निघाल्यावरच कळते. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक कोणते, संस्थेचे कोणते, वेतनेतर अनुदान म्हणजे काय, विद्यापीठाकडून आलेली रक्कम कोणत्या खात्यात जाते, हे बहुतेक विभागप्रमुखांना दाखवलेच जात नाही. हा दोष त्यांचा नाही. पैशाचे कागद प्राचार्य आणि अधीक्षक यांच्या पलीकडे जाऊ द्यायचे नाहीत, ही अनेक संस्थांची जुनी सवय आहे. परिणाम असा होतो की पुढे जो प्राचार्य होणार त्याची अंदाजपत्रकाशी पहिली गाठ प्राचार्य झाल्यावरच पडते.

कायद्याने यासाठी एक दार उघडलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 2016 मार्च 2017 पासून लागू झाला आणि पूर्वीच्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी महाविद्यालय विकास समिती आली. तिच्यात संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, एक विभागप्रमुख, तीन निवडून आलेले अध्यापक, एक शिक्षकेतर कर्मचारी, गुणवत्ता कक्षाचा समन्वयक, स्थानिक प्रतिनिधी आणि विद्यार्थी प्रतिनिधी असतात; प्राचार्य सदस्य-सचिव असतात. वर्षातून किमान चार बैठका अपेक्षित आहेत आणि विकास आराखडा व अंदाजपत्रक तिच्यापुढे यावे लागते. म्हणजे दुसऱ्या फळीतली चार-सहा माणसे अध्यक्षांसमोर बसून पैशांविषयी आणि पदांविषयी बोलू शकतात. बैठकीआधी आठवडाभर कागद हातात पडले आणि प्रत्येकाने आपल्या विषयाची मांडणी केली, तर ही समिती उत्तम शाळा ठरते. इतिवृत्त आधी लिहून नंतर सह्या घेतल्या, तर तिथे कोणीच काही शिकत नाही.

माणसे सांभाळण्याचा भाग सर्वांत नाजूक. काल ज्याच्याबरोबर चहा घेतला, त्यालाच आज परीक्षेच्या पर्यवेक्षणाला का आला नाही म्हणून विचारायचे असते. त्यातून आपल्याहून वयाने मोठा, कधी आपला जुना शिक्षक असलेला सहकारी त्याच विभागात असतो. तालुक्याच्या गावात सहकारी, शेजारी आणि सोयरे अनेकदा एकच असतात, त्यामुळे कार्यालयातला शब्द लग्नकार्यापर्यंत जातो. अशा ठिकाणी सरसकट नोटिशीची भाषा चालत नाही आणि सतत सांभाळून घेणेही चालत नाही. अनुभवी विभागप्रमुख एक पथ्य पाळतात : कामाची वाटणी सत्राच्या सुरुवातीला सर्वांदेखत आणि लेखी, कानउघाडणी मात्र एकट्याला गाठून. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांशी वागणे ही वेगळी कसोटी आहे. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, मानधन उशिरा येते आणि विभागाचे निम्मे काम त्यांच्या खांद्यावर असते. विभागाच्या बैठकीला त्यांना बोलावणे, त्यांच्या मानधनाच्या बिलाचा पाठपुरावा स्वतः करणे, पेपर तपासणीचे जास्तीचे गठ्ठे त्यांच्यावर न ढकलणे, यावरून विभागप्रमुखाची पारख होते. पदासोबत आलेला मान तिथे उपयोगाचा नसतो.

स्त्रियांच्या वाट्याला या फळीतली कामे ठरावीक साच्याने येतात. सांस्कृतिक विभाग, विद्यार्थिनी मंच, अंतर्गत तक्रार समिती ही कामे त्यांच्याकडे. खरेदी, बांधकाम, परीक्षा आणि प्रवेश पुरुषांकडे. तक्रार समितीचे काम कठीण आणि मोलाचे आहे यात शंका नाही, पण पुढे प्राचार्यपदाच्या मुलाखतीत विचारले जाते ते पैशांचे आणि प्रशासनाचे. ही वाटणी पहिल्याच दहा वर्षांत मोडली नाही तर नंतरच्या प्रशिक्षणाने भरून निघत नाही. ज्या जिल्ह्यात, चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे, सावित्रीबाई फुले यांनी सिंथिया फॅरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि जिथली महाविद्यालये त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथे ही गोष्ट अधिक टोचावी.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुसऱ्या फळीला सर्वाधिक घडवले ते नॅकने. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद 1994 मध्ये बंगळुरूला स्थापन झाली. तिच्या सात निकषांपैकी सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचाच आहे. 2017 नंतर मूल्यांकनाचा मोठा भाग आकडे आणि पुरावे यांवर गेला. मागच्या पाच वर्षांतले प्रत्येक व्याख्यान, प्रत्येक सामंजस्य करार, प्रत्येक शोधनिबंध कागदासह दाखवावा लागू लागला. हे सगळे गोळा करणाऱ्या गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकाकडे अधिकार शून्य असतो. "सर, तेवढी तुमच्या विभागाची माहिती" हे वाक्य तो वर्षभर म्हणत असतो आणि उत्तरादाखल "उद्या देतो" ऐकत असतो. इथे दोन प्रकारची माणसे तयार होतात. एक प्रकार वैतागून सगळे स्वतः करणारा : रात्री जागून अहवाल लिहितो, श्रेणी मिळते, सत्कार होतो, पण तो निवृत्त झाला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते आणि पुढच्या फेरीला सगळे शून्यापासून सुरू होते. दुसरा प्रकार प्रत्येक निकषाला एक प्रमुख, एक तरुण अध्यापक आणि कार्यालयातला एक लिपिक जोडून देणारा. याचे काम सुरुवातीला संथ वाटते, चुकाही होतात. मात्र वार्षिक गुणवत्ता अहवाल दरवर्षी वेळेवर जातो आणि पाच वर्षांनी महाविद्यालयात सात निकष समजणारी वीस माणसे असतात. संस्थाचालकांनी सत्कार या दुसऱ्याचा करायला हवा. बहुधा तो होत नाही, कारण त्याचे काम डोळ्यांत भरत नाही.

नॅकपेक्षा जुनी आणि कमी बोलली गेलेली शाळा म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झालेल्या या योजनेत शंभर स्वयंसेवकांचे एकक आणि त्यांपैकी निम्म्यांसाठी सात दिवसांचे निवासी शिबिर अशी साधारण रचना असते. शिबिर एखाद्या गावात होते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारसारखी गावे याच जिल्ह्यात असल्याने पाणलोटाचे काम समजून घेण्याची सोय घराजवळ आहे. कार्यक्रम अधिकारी तिशीतला अध्यापक असतो आणि त्या सात दिवसांत त्याच्या हाती सगळे येते : मर्यादित रक्कम, सरपंचांशी बोलणी, शाळेच्या खोल्या, मुलींच्या राहण्याची सुरक्षितता, स्वयंपाकघर, आजारी पडलेला मुलगा, रुसलेले दोन गट आणि शेवटी पावत्यांसह हिशोब. निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो आणि परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी समोर येतो. जबाबदारी आणि अधिकार इतक्या लहान वयात एकत्र मिळण्याची दुसरी जागा महाविद्यालयात क्वचितच असते. वसतिगृहाच्या रेक्टरचे कामही असेच. चांगल्या उपप्राचार्यांच्या सेवापुस्तकात ही दोन कामे वारंवार दिसतात, ती उगाच नव्हेत.

औपचारिक प्रशिक्षणाची यंत्रणा अध्यापकासाठी उभी राहिली, प्रशासकासाठी नव्हे. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि 2023 पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून चालतात. तिथले उद्बोधन आणि उजळणी वर्ग पदोन्नतीला जोडलेले असल्याने अनेकांचे लक्ष प्रमाणपत्रावर असते. केंद्र सरकारच्या लीप कार्यक्रमाचा भर विद्यापीठ पातळीवरच्या नेतृत्वावर आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेचे वर्ग प्राचार्यांना उपयोगी पडतात. जामखेडच्या विभागप्रमुखापर्यंत किंवा अकोले तालुक्यातल्या कार्यालयीन अधीक्षकापर्यंत यातले फार थोडे येते. आले तरी ते व्याख्यानाच्या रूपात येते : नेतृत्वाच्या शैली, संघभावना, वेळेचे नियोजन. आरक्षणाची बिंदुनामावली कशी वाचावी, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून परत आलेला प्रस्ताव कसा दुरुस्त करावा, दोन अध्यापकांच्या भांडणात जबाब कसा नोंदवावा, हे शिकवायला त्याच वाटेने गेलेला माणूस लागतो. एखादे निवृत्त अधीक्षक किंवा प्राचार्य दोन दिवस खऱ्या फाइली समोर ठेवून बसले, तर त्याचा उपयोग आठवड्याच्या वर्गाहून अधिक होतो.

महाराष्ट्राला याहून खोल परंपरा ठाऊक होती. 1884 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवणारेच आजीव सदस्य म्हणून संस्था चालवत. गोपाळ कृष्ण गोखले तरुणपणीच तिथे आले, गणित आणि इतर विषय शिकवता-शिकवता संस्थेचे सचिव झाले आणि सुटीत फर्ग्युसन महाविद्यालयासाठी निधी गोळा करत फिरले. या पद्धतीत तीव्र मतभेदही झाले, टिळक 1890 मध्ये बाहेर पडले. पण विशी-तिशीतल्या अध्यापकाला संस्थेचा हिशोब आणि धोरण दोन्ही उघडे होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतही आजीव सदस्यांना कारभारात स्थान मिळाले. शिवाय तिथे बदल्या होतात. कोपरगावचा अध्यापक कर्जतला किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या दुसऱ्या शाखेत जातो. घरादाराला ही बदली जाचते, मुलांच्या शाळा मोडतात, हे खरेच. तरीही नव्या ठिकाणी विभागप्रमुख म्हणून गेलेल्या माणसाला "हा तर आपल्यातलाच कालचा" ही नजर सोसावी लागत नाही आणि दुसऱ्या महाविद्यालयाची पद्धत त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. एकच महाविद्यालय असलेल्या संस्थेत माणूस तीस वर्षे एकाच स्टाफरूममध्ये बसतो. अशा संस्थांनी एकमेकांच्या उपप्राचार्यांना महिनाभरासाठी बोलावले, तर बदलीचा फायदा तिचा जाच न होता मिळू शकेल. संगमनेर आणि लोणी, शेवगाव आणि पाथर्डी ही अंतरे रोज ये-जा करण्याइतकीच आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने दुसऱ्या फळीच्या घडणीचे हे काम तातडीचे केले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ची रचना राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला आली. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्य अभ्यासक्रम, कार्यानुभव आणि श्रेयांक यांची जुळणी विभागप्रमुखांनाच करावी लागते, तीही रिक्त पदे आणि प्रभारी प्राचार्य यांच्या काळात. आंतरवासितेसाठी साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, नगरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने यांची दारे ठोठावायची आहेत. वर्गात उत्तम शिकवणारा पण कारखान्याच्या व्यवस्थापकाशी कधी न बोललेला अध्यापक इथे अडखळतो. त्याला सोबत घेऊन जाणारा एक ज्येष्ठ असला, तर दुसऱ्या भेटीला तो एकटा जाऊ शकतो.

दुसऱ्या फळीची घडण करायची तर महाविद्यालयाला त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. उपप्राचार्याच्या आदेशात कामे आणि सहीची मर्यादा लिहायची. एक विषय, मग तो प्रवेश असो वा परीक्षा, पूर्णपणे त्याच्याकडे सोपवायचा आणि मध्ये हात घालायचा नाही. वर्षातून एकदा प्राचार्यांनी खरोखर रजेवर जाऊन खुर्ची त्याच्याकडे द्यायची, आणि परतल्यावर त्या काळातले निर्णय दोघांनी बसून तपासायचे, दोष काढण्यासाठी नव्हे तर कारणे समजण्यासाठी. अधीक्षक आणि ग्रंथपाल यांना त्याच बैठकीत बसवायचे. शिक्षक आणि शिक्षकेतर यांच्यातली भिंत जितकी उंच, तितकी कामे जास्त अडतात. दोन वर्षे संपताना पद सोडणाऱ्याने हस्तांतराचे टिपण लिहून द्यायचे : कोणती प्रकरणे प्रलंबित, कोणाला काय शब्द दिला आहे, कोणता प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे. हे टिपण मिळालेल्या नव्या उपप्राचार्याचे पहिले सत्र वाया जात नाही. जुना उपप्राचार्य पुन्हा आपल्या विभागात पूर्ण तासिका घेऊ लागतो, तेव्हा त्याला उतरवले असे कोणी म्हणू नये याची काळजी प्राचार्यांनी घ्यायची असते. पुढच्या प्रवेशाच्या धांदलीत पहिला सल्ला त्याचाच घेतला, की स्टाफरूमला ते कळते.